परड्यातली पाहुणी

2019 च्या महापुराचं पाणी ओसरलं आणि कोल्हापुरातल्या आमच्या परड्यात एक घोरपड दिसली. जुन्या दगडी भिंतीच्या कपारीत तिनं बस्तानच मांडलं. खुराड्यातली दोन अंडी गेली तशी सौ. वैतागली. गल्लीतला एक जण म्हणाला, "पकडून देतो की! तेल सांध्यांना लई गुणाचं."

आईचे गुडघे दुखतात. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणंही गुन्हाच. शेवटी आईच म्हणाली, "माझ्या गुडघ्यांपायी मुक्या जिवाला मारू नका रे."

आपल्याच जिल्ह्यातल्या विशाळगडावर घोरपडीच्या आधारानं चढलेल्या वीराच्या घराण्याला 'घोरपडे' नाव मिळालं, अशी आख्यायिका आहे. नावाचा अभिमान बाळगायचा आणि जिवंत घोरपड तेलात काढायची, हे कुठलं शहाणपण?

खुराड्याला बारीक जाळी ठोकली. आता अंडी पुरी भरतात. ती किडे, उंदीर खाते. दुपारी उन्हाला भिंतीवर येते, दुभंगलेली जीभ बाहेर काढते. तेवढा वेळ आम्ही मागचं दार हळूच लोटतो.