ऊसबिलाचा प्रोग्रॅम

बारामती-इंदापूरकडच्या संगणकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या प्रोजेक्टचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे साखर कारखाने आसपास आहेत आणि उसाचं बिल पुष्कळ घरांत येतं. विद्या प्रतिष्ठानच्या किंवा वनगळीच्या एस. बी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्याने ते बिल एकदा नीट वाचावं.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने ऊसशेतीत एआय आणल्यापासून अनेकांना थेट तिकडेच झेप घ्यावीशी वाटते. जरूर घ्यावी, पण आधी बिलाचा प्रोग्रॅम करावा असं मला मनापासून वाटतं. एआयचा अंदाज बरोबर आला का हे कळायला हंगाम जावा लागतो. बिलाचं उत्तर त्याच संध्याकाळी घरच्या कागदाशी ताडून बघता येतं.

हिशेब असा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. त्यावर उतारा ०.१ टक्क्याने वाढला की टनामागे ३४.६० रुपये वाढतात. समजा उतारा ११.४५ आहे. म्हणजे वाढ १.२०, टप्पे बारा, जादा रक्कम ४१५.२० आणि दर ३,९६५.२०. यातून तोडणी-वाहतूक वजा झाली की शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम निघते.

आता हेच पायथॉनमध्ये जसंच्या तसं लिहा. ११.४५ मधून १०.२५ वजा केले की उत्तर १.२ येत नाही, १.१९९९९९९९९९९९९९९३ येतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे ११.४५ त्याला तंतोतंत मांडताच येत नाही. तो जवळचा आकडा धरतो आणि इथे तो किंचित कमी भरतो. त्याला ०.१ ने भागून अपूर्णांक छाटला की टप्पे बारा न येता अकरा येतात. टनामागे ३४.६० रुपये गेले. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे ३,४६० रुपये! स्क्रीनवर मात्र कुठेही एरर दिसत नाही.

उपाय सोपा आहे. उतारा शंभरपट करून पूर्णांकात ठेवायचा: ११४५ वजा १०२५, म्हणजे १२०, भागिले १०, बरोबर बारा. पैसेही रुपयांत न ठेवता पैशांत ठेवायचे: ३४६० गुणिले बारा. छापताना तेवढं शंभराने भागायचं.

दर कोडमध्ये लिहू नयेत. आदल्या हंगामात हेच आकडे ३,४०० आणि ३३.२० होते. हंगाम, पायाभूत उतारा, दर आणि टप्प्याची रक्कम यांचा वेगळा तक्ता केला, की पुढच्या वर्षी फक्त एक ओळ वाढवावी लागते. २०२५-२६ साठी साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी उताऱ्याला दर ३,२९०.५० वर थांबतो, त्याच्या खाली जात नाही. या अटीची चाचणी वेगळी लिहावी, ११.४५ चीही लिहावी.

अशा चुका दुसऱ्याच्या नजरेला लवकर दिसतात, आणि इंटर्नशिपचा खरा उपयोग इथे कळतो. घरी आपण एकटेच लिहितो, एकटेच वाचतो. कंपनीत दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळींत आपल्या चार ओळी घालायच्या असतात, आणि त्या आत घेण्याआधी सीनियर वाचतो. गिटमध्ये स्वतःची ब्रँच काढायची, बदल तिथे करायचा, चाचण्या चालवायच्या, मग रिव्ह्यूला द्यायचं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं तेही एकाच कोडवर अनेकांना काम करता यावं म्हणूनच. ही सवय घरच्या प्रोजेक्टलाही लावता येते. वर्गातल्या मैत्रिणीला रिव्ह्यू करायला सांगावं. "उतारा ९.५० टाकून बघितलास का?" असं तिने विचारलं की कोड सुधारतो. मुलाखतीतही असे प्रश्न येतात, तेव्हा उत्तर तयार असतं.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. घरचं खरं बिल नमुना म्हणून गिटहबवर चढवू नये, त्यावर नाव आणि बँक खात्याचा क्रमांक असू शकतो. नंतर फाइल डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते आणि रेपॉझिटरी सार्वजनिक असेल तर कोणालाही उघडता येते. नाव, क्रमांक, वजन सगळं बदलून नमुन्याचं बिल आधीच तयार करावं आणि खरी बिलं ज्या फोल्डरमध्ये आहेत त्याचं नाव पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोर फाइलमध्ये टाकावं.