निवटी नेमकी कोणती?

ओहोटी लागली की ठाणे-रायगडच्या खाड्यांतील उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारू लागतात. आगरी-कोळी घरांत निवटीचे कालवण आवडीने होते. मासा असूनही ती पाण्याबाहेर बराच काळ तग धरते, कारण ओलसर त्वचेतून आणि तोंड-कल्ल्यांच्या पोकळीतून ती हवेतील प्राणवायू घेते. त्वचा सुकू नये म्हणून मधूनमधून चिखलात लोळते.

चिखलावरच्या अशा उड्या मारणाऱ्या गोबी माशांच्या अनेक प्रजाती आहेत. त्यांतील पेरिओफ्थाल्मस किडे, लहान खेकडे खातात. बोलिओफ्थाल्मस मात्र जणू चरतात: डोके डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचा डायॅटम शेवाळाचा थर खरवडून खातात. बाजारातली मोठी निवटी बहुधा यांतलीच.

बोलिओफ्थाल्मस ही प्रजाती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हॅलेन्सिएन यांनी 1837 मध्ये मांडली. त्याच वेळी त्यांनी मुंबईच्या नमुन्यांवरून 'दुसुमिएरी' या जातीचे वर्णन केले. नाव दिले ते नमुने जमवणारे व्यापारी-प्रवासी दुसुमिए यांचे. म्हणजे या जातीची शास्त्रीय ओळखच मुंबईच्या मातीशी बांधलेली आहे. ती इराक-इराणपासून पाकिस्तान आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळते. पूर्वेकडे, बंगालच्या उपसागरापासून आग्नेय आशियापर्यंत, मुख्यतः 'बोडार्टी' दिसते. 'पेक्टिनिरोस्ट्रिस' चीन, कोरिया, जपानकडची. तिचे वर्णन लिनियसने 1758 मध्येच केले होते. उरलेल्या जाती उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या बाजूच्या. त्यांतील 'पोटी' तर 2013 मध्ये नोंदली गेली. अमेरिका खंडात यांपैकी एकही नाही.

एडवर्ड मर्डी यांनी 1989 मध्ये या गटाचा सखोल आढावा घेतला, तेव्हा खवल्यांची संख्या, पृष्ठपरावरचे ठिपके, दातांची रचना या खुणांवर जाती वेगळ्या झाल्या. वरवर पाहता दुसुमिएरी आणि बोडार्टी सारख्याच वाटतात. दुसुमिएरीचे खवले मात्र अधिक बारीक आणि संख्येने जास्त असतात. हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. खाडीतील प्रदूषण मोजायला निवटी वापरली आणि जात चुकीची लिहिली, तर इथले आकडे दुसऱ्याच माशाच्या नावावर जमा होतात.

जपानमध्ये पेक्टिनिरोस्ट्रिस केवळ आरिआके आणि यात्सुशिरो या दोन समुद्रभागांत उरली आहे. निवटीची बिळे भरती-ओहोटीच्या मऊ चिखलातच असतात. त्यावर भराव पडला, तर अंडी घालायची जागा जाते. मुंबईच्या खाड्यांत भराव गेली कित्येक दशके पडतोच आहे.