चेहरा जुळला, अंड्याचे काय?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की आधी कुंभारी लागते, मग वळसंग. कुंभारीत गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहतीतली १० हजार घरे आहेत. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिथल्या १५ हजार घरांचे वाटप झाले. कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाट आठवतो. रोजच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या या पट्ट्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरपोच आहार, म्हणजे टीएचआर, चेहरा जुळल्याशिवाय द्यायचा नाही असा केंद्राचा नियम लागू झाला आहे. आधी ई-केवायसी, त्यासाठी मोबाइलवर ओटीपी आणि मग पाकीट देताना फोटो. सेविका मोबाइल धरून बाईला डोळे मिचकावायला सांगते. मध्येच रेंज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याकडे आणि नवरा कामावर असेल, तर ओटीपी सांगणार कोण? विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजारामागे मिळते. अंगणवाडीच्या दारात तास गेला की तेवढ्या विड्या कमी वळून होतात आणि तेवढे पैसे बुडतात. ‘मोफत’ आहाराची ही किंमत सरकारी हिशेबात कुठेच धरलेली नाही. ब्रिटनमध्येही २०२२ साली गरीब मातांच्या ‘हेल्दी स्टार्ट’ योजनेत कागदी कुपनांच्या जागी कार्ड आले, तेव्हा अनेक पात्र कुटुंबे अर्जातच अडकली होती.

बोगस लाभार्थी नकोत, हे मान्यच. पण महाराष्ट्रातला मोठा घोळ पाकीट बाईच्या पदरात पडण्याआधीच झालेला आहे. या आहारात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. तरीही राज्याची ६,३०० कोटींची टीएचआर निविदा २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली, कारण तिच्या अटींमुळे खरे बचत गट बाहेर फेकले जात होते. तेव्हा चेहरा तपासायचा असेल तर आधी पुरवठादाराचा तपासावा.

आणि एवढ्या पहाऱ्यात राखायचे किती? सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ, तीव्र कुपोषित मुलामागे १२. वर्षातले ३०० दिवस धरले तर एका मुलाचे वर्षाचे २,४०० रुपये होतात. हे दर २०१७ चे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ते वाढवण्याचे आश्वासन दिले. पण दुकानातली तूरडाळ आश्वासनावर मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. टीएचआरची पाकिटे गुरांपुढे टाकली जातात, अशा बातम्याही राज्यभरातून येत असतात. आयांना दोष देण्याआधी त्या पाकिटाची चव एकदा घेऊन पाहावी.

इथे अंड्याचा विषय काढायलाच हवा. लोरा इयानॉटी या अमेरिकी संशोधिकेने इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खुजेपणाचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलेले दिसले. मलावीत असाच प्रयोग झाला, तेव्हा उंचीत मात्र फरक पडला नाही. तिथली मुले आधीपासून मासे खात होती, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. वळसंगच्या बाळाच्या ताटात मासे कुठून येणार? एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. शिवाय त्याला शिजवायचा त्रास कमी आणि भेसळीला जागाच नाही.

आपल्या सरकारने मात्र जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधी थांबवला. हवी तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. वाचणार होते सुमारे ५० कोटी. अक्कलकोट ओलांडून पुढे गेले की कर्नाटक. तिथे २०२४ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याचे सहा दिवस अंडे मिळते. न खाणाऱ्याला केळे. चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलते, तीन वर्षांसाठी १,५९१ कोटी. देणगीदार मिळाला हे त्यांचे नशीब म्हणता येईल, पण दोन दिवसांचा भार तिथले सरकार स्वतः उचलते. सीमेअलीकडच्या मुलाला वर्गणी का मागायला लावायची?

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वळसंग-कुंभारीच्या पालकांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्या रकमेचा हिशेब मागावा आणि तिथल्या तिथे अंगणवाडीच्या अंड्यांचा ठराव मांडावा.