लहान मुलांचे निखळलेले कोपर

सांध्यातील हाडे पूर्ण न सुटता अंशतः सरकणे म्हणजे सांधा अर्धवट निखळणे होय. साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलाचा हात मनगटाशी धरून झटक्याने ओढला, तर कोपरातील रेडियस हाडाचे टोक त्याभोवतीच्या अस्थिबंधाच्या, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, कड्यातून निसटते आणि मूल तो हात किंचित वाकवून, अंगालगत निश्चल धरते. ओढल्याची हकीकत स्पष्ट असून सूज नसेल, तर तपासणीवरूनच निदान होते. मूल पडले असल्यास किंवा सूज दिसल्यास अस्थिभंगाची शंका फेडण्यासाठी एक्स-रे काढावा लागतो. डॉक्टर कोपराला आधार देऊन तळवा खाली जाईल असा हात वळवतात, तेव्हा बोटांना बारीक ‘कट्’ जाणवते आणि बहुधा काही मिनिटांतच मूल त्याच हाताने खेळणे उचलते. हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून मुलाला नेहमी काखेत हात घालूनच उचलावे.