गमच्या पाकिटातले खेळाडू

काडेपेटीचे छाप, बबलगमच्या वेष्टणातली क्रिकेटपटूंची चित्रं जमवणारं एखादं पोर आपल्याकडे घरोघरी असायचं. अमेरिकेत तसाच नाद आहे बेसबॉलच्या कार्डांचा. बेसबॉल हा तिथला बॅट-चेंडूचा लाडका खेळ. आवडत्या खेळाडूची आठवण तिथले चाहते या कार्डांतून जपतात. ही आठवण कशी तयार होते आणि तिच्यातून कोण सुटून जातं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात यायची. पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा असे, त्यावर खेळाडूचं चित्र छापलं की गिऱ्हाईक पुन्हा येई. पुढे च्युइंगमवाल्यांनी ही युक्ती मुलांसाठी उचलली. १९५२ च्या संचासाठी टॉप्स कंपनीतले साय बर्जर यांनी ब्रुकलिनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कार्डाची नवी मांडणी केली. पुढे रंगीत चित्र, नाव, सही आणि संघाचं चिन्ह. मागे जन्मतारीख, उंची आणि खेळातले आकडे. मैदान कधी न पाहिलेल्या पोरालाही कार्डाची मागची बाजू तोंडपाठ असे.

त्या संचातली ४०७ पैकी शेवटची कार्डं उशिरा बाजारात आली आणि पडून राहिली. १९६० च्या सुमारास उरलेली खोकी आपण होडीतून नेऊन अटलांटिक समुद्रात टाकली, असं बर्जर यांनीच पुढे सांगितलं. त्यातल्याच ३११ क्रमांकाचं, मिकी मँटल यांचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. अमेरिकेत मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच तक्रार ऐकू येते, “माझी कार्डं आईनं फेकली!” काही आयांनी फेकलीही असतील. पण कंपनीनं खोकीच्या खोकी बुडवली, त्याचा राग कुणी धरत नाही.

मँटल यांच्या शेजारचा ३१२ क्रमांक जॅकी रॉबिन्सन यांचा. सुमारे साठ वर्षं मोठ्या संघांची दारं काळ्या खेळाडूंना बंद होती. १९४७ मध्ये ती रॉबिन्सन यांनी उघडली. पाचच वर्षांनी त्यांचं चित्र गोऱ्या खेळाडूंच्या रांगेत, त्याच आकारात, त्याच गमच्या पाकिटात आलं.

आता रॉबर्टो क्लेमेंटे. हे पोर्टो रिकोचे, पिट्सबर्गकडून अठरा हंगाम खेळले. नाव रॉबर्टो, पण कितीतरी वर्षं कार्डावर ‘बॉब’ छापत राहिले. इंग्रजी जिभेला ते सोपं. त्यांना ते आवडत नसे. सासरी आल्यावर नाव बदललेल्या आपल्या मैत्रिणींना यातली खोच वेगळी सांगायला नको. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचं विमान समुद्रात कोसळलं. १९७३ चं कार्ड त्यांच्या मृत्यूनंतर आलं. त्यांच्या नावावरचे हिट, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठल्याची नोंद, नेमके ३००० वर थांबले.

आणि बायका? पुरुष खेळाडू महायुद्धावर जाऊ लागले, तेव्हा १९४३ मध्ये बायकांची व्यावसायिक बेसबॉल लीग सुरू झाली. काढणारे होते फिलिप रिग्ली, च्युइंगमचे मोठे कारखानदार. ही लीग १९५४ पर्यंत चालली, सहाशेहून जास्त बायका खेळल्या. आखूड स्कर्ट घालून मातीत घसरत बेस गाठायचा, मांड्या सोलून निघायच्या. १९४६ मध्ये सोफी कुरिस यांनी एका हंगामात २०१ वेळा बेस चोरला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना चकवून पुढचा टप्पा गाठला. प्रयत्न होते २०३. पुरुषांत रिकी हेंडरसन यांचा १९८२ चा १३० चा आकडा गाजला. बायकांचं मैदान लहान होतं, हे खरं. पण हेंडरसन यांची कार्डं गल्लोगल्ली पोचली, सोफी यांच्या उमेदीच्या काळात गमच्या पाकिटातून त्यांचं चित्र कुणाच्या हाती आलं नाही.

१९८८ मध्ये कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयात या बायकांवर प्रदर्शन भरलं, १९९२ मध्ये चित्रपट आला, मग कुठे त्यांच्या कार्डांचे संच निघाले. तोवर खेळाडू सत्तरीच्या घरात होत्या.

मैत्रिणींनो, शाळेच्या कबड्डी-खोखोच्या संघात आपल्यातल्या कितीजणी होत्या! तेव्हाचा एखादा फोटो ट्रंकेत असेल. तो काढा. मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा: प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, साल आणि कोण चढाई करायची, कोण पकड करायची. एखादीचं नाव आठवत नसेल तर संघातल्या दुसरीला फोन करा. आपण आहोत तोवरच हे विचारता येईल.