स्तोत्र आणि अहवाल : बेंजामिन चॅव्हिस यांच्या लेखनातील साक्ष

'पर्यावरणीय वंशवाद' ही संज्ञा अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांत आता रुळली आहे. तिच्या निर्मितीचे श्रेय सर्वसाधारणपणे रेव्हरंड बेंजामिन चॅव्हिस यांना दिले जाते. याच चॅव्हिस यांनी तुरुंगात स्तोत्रे रचली होती, याचा उल्लेख मात्र पर्यावरणविषयक लेखनात क्वचितच होतो. त्यांची स्तोत्रे धर्मसाहित्याच्या खात्यात जमा झाली आणि त्यांचा अहवाल समाजशास्त्राच्या. ही दोन्ही लेखने शेजारी ठेवून वाचली असता एकच प्रश्न त्यांत दिसतो : कृष्णवर्णीयाची साक्ष ग्राह्य कशी ठरावी?

चॅव्हिस यांचा जन्म १९४८ साली उत्तर कॅरोलायनातील ऑक्सफर्ड या गावी झाला. पदवी त्यांनी रसायनशास्त्रात घेतली. फेब्रुवारी १९७१ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने त्यांना विल्मिंग्टन येथे पाठविले. तेथे शाळांच्या एकत्रीकरणावरून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा बहिष्कार चालू होता. त्या अशांत दिवसांत एक किराणा दुकान जाळले गेले आणि नऊ कृष्णवर्णीय पुरुष व एक श्वेतवर्णीय स्त्री यांच्यावर खटला भरण्यात आला. १९७२ मध्ये चॅव्हिस यांना ३४ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. पुढे सरकारी पक्षाच्या प्रमुख साक्षीदारांनी आपल्या जबान्या मागे घेतल्या. 'अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल'ने या कैद्यांचा प्रश्न हाती घेतला. १९८० मध्ये संघीय अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, आणि निर्दोषत्वाची अधिकृत मान्यता देणारा क्षमादानाचा आदेश राज्यपालांकडून निघाला तो थेट २०१२ च्या अखेरच्या दिवशी. दहा जणांपैकी काही जण तोवर हयात नव्हते.

कारावासात असतानाच चॅव्हिस यांनी ड्यूक विद्यापीठात ईश्वरविद्येचे शिक्षण पूर्ण केले. वर्गासाठी त्यांना बेड्या घालून नेले जाई. या काळातील रचना 'साम्स फ्रॉम प्रिझन' या नावाने १९८३ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. मराठी वाचकासाठी येथे एक अडचण आहे. मराठी बायबलात 'साम' या प्रकारास 'स्तोत्र' म्हटले आहे, आणि 'स्तोत्र' म्हणताच आपल्या मनात स्तुती येते. हिब्रू परंपरेत मात्र गाऱ्हाण्याच्या स्तोत्रांची संख्या मोठी आहे : देवाला हाक, अन्यायाचे कथन, मागणी आणि अखेरीस विश्वासाची कबुली. भाव पाहिला तर ही स्तोत्रे करुणाष्टकांना किंवा देवाशी भांडणाऱ्या अभंगांना अधिक जवळची ठरतात. न्यायासनापुढे खोटी साक्ष ग्राह्य ठरल्यानंतर बंदिवानाने हाच प्रकार निवडावा, यात केवळ धार्मिक संस्कार पाहणे अपुरे आहे. जेथे उलटतपासणी नाही, अशा श्रोत्यापुढे ती साक्ष पुन्हा नोंदविली गेली आहे.

१९८२ मध्ये उत्तर कॅरोलायनातीलच वॉरेन परगण्यात दुसरे प्रकरण उभे राहिले. १९७८ मध्ये रस्त्यांच्या कडेला बेकायदा ओतलेल्या पीसीबीयुक्त तेलाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी राज्याने अ‍ॅफ्टन हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे खेडे निवडले. लोक ट्रकांपुढे रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली, आणि त्यांत चॅव्हिसही होते. माती पुरली गेलीच. ती जागा निर्विष करण्याचे काम २००३ मध्ये संपले.

या संघर्षातून १९८७ चा 'टॉक्सिक वेस्ट्स अँड रेस' हा अहवाल निघाला. टपाल-विभागांची तुलना करून घातक कचऱ्याच्या व्यापारी केंद्रांचे स्थान कशाशी निगडित आहे, हे त्यात तपासले होते. उत्पन्न, घरांच्या किमती आदी घटकांपेक्षा वंश हा घटक अधिक निर्णायक ठरला. पाचांपैकी तीन कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक अमेरिकन अनियंत्रित विषारी कचऱ्याच्या जागा असलेल्या वस्त्यांत राहतात, असेही त्यात नोंदविले होते. येथे 'मी' नाही, आर्त हाकही नाही. तरीही गाऱ्हाण्याचा क्रम ओळखू येतो : अन्यायाचे कथन, पुरावा, शासनाकडे मागण्या. फरक इतकाच की ही साक्ष देणारे कोष्टक दबावाखाली जबानी फिरवू शकत नाही. विल्मिंग्टनच्या अनुभवाशिवाय रसायनशास्त्राच्या या पदवीधराचा आकड्यांवरील हा भर पुरता उलगडत नाही.

कर्तृत्वाचा प्रश्न मात्र येथे सोडून देता येणार नाही. चॅव्हिस तेव्हा आयोगाचे कार्यकारी संचालक होते. संशोधनाची धुरा चार्ल्स ली यांनी वाहिली होती, आणि अ‍ॅफ्टनच्या रस्त्यावर आडवे झालेल्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याच मुखपृष्ठावर नाहीत. स्तोत्राला एक कवी असतो, अहवालाला तसा नसतो. तरी परंपरा त्यालाही एकच नाव चिकटविते.

मराठीत १९७२ च्या दलित पँथरपासून कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा सातत्याने झाली, परंतु ती मुख्यतः कविता आणि आत्मकथनांभोवती राहिली. अहवालाचे गद्य साहित्यविचाराच्या कक्षेत यावे की नाही, हा वाद तेथे फारसा उपस्थित झाला नाही.

चॅव्हिस यांचे पुढील चरित्र वादग्रस्त आहे. १९९३ मध्ये ते 'एनएएसीपी'चे प्रमुख झाले. संस्थेचा निधी एका वैयक्तिक तक्रारीच्या तडजोडीसाठी बांधून दिल्याच्या कारणावरून १९९४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. १९९५ च्या 'मिलियन मॅन मार्च'चे ते एक संघटक होते. त्यांच्या अहवालाने घडविलेल्या चर्चेतून १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा पर्यावरणीय न्यायविषयक आदेश निघाला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला.