जॅक्सनचा गोल आणि कोल्हापूरचा अनिकेत

म्हसा, मुरबाड, शहापूरकडच्या फुटबॉलवेड्या पोरांनो, हे खास तुमच्यासाठी!

फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारताचा आजवर एकच पुरुष संघ खेळलाय, तो म्हणजे २०१७ चा १७ वर्षांखालील संघ. आपण यजमान होतो म्हणून थेट प्रवेश मिळाला. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तिन्ही सामने हरलो. पण ९ ऑक्टोबरचा कोलंबियाविरुद्धचा सामना जमला तर पुन्हा बघाच. ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर मणिपूरच्या जॅक्सन सिंगने हेडर मारला आणि १-१! विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली, तेव्हा काळजात कळ आली होती.

त्या संघात आपला एक मराठी गडी होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक, पोरगा विश्वचषकात! स्पर्धेचे काही सामने आपल्याच जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही झाले. स्पेन-माली उपांत्य सामना तिथलाच.

जुना पराक्रमही माहीत हवा. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणशी २-२ बरोबरी झाली आणि भारत संयुक्त विजेता ठरला. २०१८ मध्ये २० वर्षांखालील संघाने स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत अर्जेंटिनाच्या युवा संघाला २-१ हरवलं, तेही दहा खेळाडूंनिशी.

सीनियर संघाइतकंच या पोरांच्या सामन्यांवरही लक्ष ठेवा, मंडळी.